सुईवरचं सेफ्टी कव्हर: फ्लॅप घ्यावा की सरकती नळी?

इंजेक्शनच्या सुईला सेफ्टी कव्हर बसवायचं ठरलं की वाद आधी मटेरियलवरून किंवा मोल्डच्या खर्चावरून होत नाही, यंत्रणेवरून होतो. सुईच्या बाजूला बिजागरीवर उभा असलेला आणि काम झाल्यावर अंगठ्याने सुईवर पाडायचा फ्लॅप घ्यायचा, की सिरिंजच्या अंगावरून पुढे सरकवायची नळी? दोन्ही प्रकार बाजारात वर्षानुवर्षं आहेत. बीडी (बेक्टन डिकिन्सन) या अमेरिकी कंपनीची एक्लिप्स सुई फ्लॅपवाली आहे आणि त्याच बीडीची सेफ्टी-लॉक नळीवाली. मोठ्या कंपन्यांनाही दोन्ही ठेवावे लागतात, म्हणजे उत्तर उघड नाही. मी पुण्यात वैद्यकीय वापराचे प्लास्टिकचे छोटे भाग डिझाइन करतो. या दोन्हींचे नमुने काढून, वॉर्डात हाताळायला देऊन शेवटी एकाच्या बाजूला झुकलो. का झुकलो ते पुढे येईलच. पण तुमचा ग्राहक, तुमची मशीन आणि तुमची सुई वेगळी असेल तर निर्णयही वेगळा निघू शकतो, एवढं धरून वाचा.

आधी दोन गोष्टी बाजूला काढतो.

तुम्हाला सलाईनची कॅन्युला करायची असेल, तर हा वाद तुमचा नाहीच. तिथे क्लिप जिंकलेली आहे. कॅन्युलाच्या आतल्या सुईला टोकाजवळ किंचित फुगवटा असतो आणि हबमध्ये (प्लास्टिकच्या बुडाच्या भागात) स्टीलची इवलीशी क्लिप बसवलेली असते. सिस्टरने सुई मागे ओढली की क्लिप त्या फुगवट्याला अडकते, टोक झाकते आणि सुईबरोबरच बाहेर येते. बी. ब्राउनच्या इंट्रोकॅन सेफ्टीत असंच आहे. वापरणाऱ्याला वेगळं काही करावंच लागत नाही, आणि सुरक्षेच्या बाबतीत यासारखं दुसरं काही नाही. फ्रान्समधल्या ६१ रुग्णालयांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात आपोआप झाकल्या जाणाऱ्या साधनांनी सुई टोचण्याचं प्रमाण सगळ्यात कमी होतं. हाताने लावायच्या कव्हरांमध्ये फ्लॅप सरकत्या नळीपेक्षा बरा ठरला होता. हे मी नंतर वाचलं. माझं मत त्याआधीच झालेलं होतं, पण वाचून बरं वाटलं, हे खरं.

मग साध्या इंजेक्शनच्या सुईलाही आपोआप लागणारं कव्हर का नको? कारण ही सुई दोनदा टोचली जाते. आधी व्हायलच्या, म्हणजे औषधाच्या बाटलीच्या, रबराला, मग दंडाला. दाबाने किंवा स्पर्शाने सुटणाऱ्या कव्हराला रबर कुठलं आणि कातडी कुठली हे कळत नाही. औषध ओढतानाच ते सुटलं तर सुई वाया. इन्सुलिन पेनच्या सुयांना ही अडचण नाही, कारण औषध पेनमध्ये आधीच असतं. म्हणून तिथे आपोआप झाकणाऱ्या सुया आल्या. ओढून मग टोचायच्या सुईला मात्र कुणीतरी शेवटी बोट लावावंच लागतं.

दुसरी बाजूला काढायची गोष्ट म्हणजे आत ओढली जाणारी सुई. व्हॅनिशपॉइंट नावाच्या सिरिंजमध्ये दट्ट्या शेवटपर्यंत जोरात दाबला की स्प्रिंग सुटते आणि सुई कातडीतूनच थेट बॅरलमध्ये (सिरिंजच्या औषध भरायच्या पोकळ भागात) खेचली जाते. कल्पना सुंदर आहे, उघडी सुई डोळ्याला दिसतही नाही. पण ते केवळ कव्हर राहत नाही. बॅरल, दट्ट्या, सील, स्प्रिंग, सगळं स्वतः करावं लागतं. तुम्ही सुईपुरते असाल, तर हा धंदाच वेगळा आहे.

उरले दोन: फ्लॅप आणि नळी.

नळीची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर ती चांगली दिसते. वापरण्याआधी ती मागे बॅरलवर बसलेली असते, सुई पूर्ण मोकळी. सुई कातडीला अगदी लागून, आडवी धरायची असली तरी आड काही येत नाही. तिला उलटी-सुलटी बाजू नाही. सिरिंज कशीही फिरवा, नळी गोलच. झाकल्यावरही ती चहूबाजूंनी झाकते, तर फ्लॅप म्हणजे शेवटी एका बाजूने उघडी पन्हळ. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) १९९२ च्या सूचनेत सांगितलं होतं की कव्हर वापरताना हात कायम सुईच्या मागे राहिले पाहिजेत. नळीत ते आपसूक साधतं, कारण धरायची जागाच मागे असते. डिझाइनच्या बैठकीत ड्रॉइंगं समोर ठेवली की दहातले आठ जण नळीकडे बोट दाखवतात. मीही फार वेळ तिच्याच बाजूने बोलत होतो.

तिच्या लहानसहान कुरबुरी होत्याच. पंचवीस मिलिमीटरच्या सुईला झाकायला तेवढीच लांब नळी लागते आणि वापरण्याआधी तिला बसायला बॅरलशिवाय जागा नाही. म्हणजे दोन मिलीच्या सिरिंजवर ती बऱ्याचशा आकड्यांवर येते. पारदर्शक केली तरी दोन भिंतींमधून रेघ वाचावी लागते. त्यात नळीचा व्यास बॅरलच्या व्यासाला बांधलेला. दोन मिलीची एक नळी, पाच मिलीची वेगळी, एकाचे दोन मोल्ड. फ्लॅपची कॉलर, म्हणजे त्याच्या बुडाचं कडं, सुईच्या हबवर बसते, त्यामुळे मागे कुठलीही ल्युअर सिरिंज (सुई वेगळी लावता येणारी, ठरावीक निमुळत्या तोंडाची) लावा, तिला फरक पडत नाही. हे महत्त्वाचं असलं तरी निर्णायक नव्हतं. दोन मोल्ड परवडणारे लोक असतात.

माझा निर्णय झाला तो अर्धवट लागलेल्या नळीमुळे.

वॉर्डात सिस्टरांच्या हातात नमुने दिले, तेव्हा नळी सरकवताना कुणाला फारसा त्रास झाला नाही. त्रास त्यानंतर होता. नळी पुढे सरकते आणि सुईचं टोक आत जातं. ते आत गेल्यावरही लॉक बसायला अजून दोन-तीन मिलिमीटर जायचं असतं. तेवढ्यात पेशंट हात ओढतो, शेजारच्या बेडवरून कुणी हाक मारतं, दुसरा हात स्पिरिटच्या बोळ्यावर दाबून धरलेला असतो. नळी तिथेच थांबते. बघितलं तर टोक दिसत नाही, सुई झाकलेली. प्रत्यक्षात ती फक्त घर्षणावर उभी असते. दार लोटलेलं आहे, कडी लागलेली नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

हे नीट पाहायला आम्ही एक साधा खेळ केला. दोन्ही प्रकारचे वापरलेले नमुने, काही पूर्ण लागलेले आणि काही मुद्दाम अर्धवट ठेवलेले, एका स्टीलच्या ट्रेमध्ये मिसळले. जे लागलेले नाहीत ते उचला, असं सांगितलं. फ्लॅपचे उघडे नमुने कुणी न वाकता, ट्रेपाशी उभ्याउभ्याच वेचले. नळीचे उचलायला ट्रे खिडकीपाशी नेला, एकेक फिरवून पाहिला, तरी काही राहिले आणि काही चांगले लागलेलेही काढले गेले. एका वयस्क सिस्टरने नळी परत माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दादा, लागलं का नाही लागलं हे बघत बसू, का पेशंट बघू?"

मला यापुढे मोजमाप नको होतं. मी काही संख्याशास्त्रज्ञ नाही आणि मूठभर माणसांवरून नियम काढू नये, हे मान्य. पण तो प्रश्न बरोबर होता. न झाकलेल्या सुईला माणूस जपतो. झाकल्यासारखी दिसणारी सुई तो कुठेही टाकतो. वापरलेल्या सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यात ती उभी पडते, वरून दुसरी सिरिंज आदळते, नळी मागे सरते आणि टोक बाहेर येतं. मग तो डबा हलवणारी, नेणारी मावशी असते. तिला टोचली तर ती सुई कोणत्या पेशंटची हे तिला माहीत नसतं. उपचार करणाऱ्याला निदान कुणाचं रक्त हे तरी माहीत असतं. वापरलेल्या सुईच्या टोचण्यातून एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के धरतात. हिपॅटायटिस बीची मात्र लस न घेतलेल्याला सहा ते तीस टक्क्यांपर्यंत. आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. कुणाची सुई हे न कळता हे सगळं करायचं म्हणजे काय होतं, हे रुग्णालयात काम केलेल्याला वेगळं सांगायला नको.

नळी सुधारायचे उपाय केले नाहीत असं नाही. आधी आवाज. लॉक बसल्यावर 'टक' वाजलं पाहिजे म्हणून कंगोरा जरा उंच केला. आमच्या टेबलावर तो छान वाजला. ओपीडीत वर पंखा, खाली रडणारं पोर, हातात ग्लोव्ह. तिथे टक कुणाला ऐकू येणार? बोटाला जाणवेल म्हणावं, तर ग्लोव्हातून आणि ओल्या स्पिरिटमधून तेही पुसट. मग रंग. नळी पूर्ण पुढे गेल्यावरच दिसेनाशी होईल अशी लाल पट्टी बॅरलवर ठेवली. कल्पना बरी होती, पण पट्टी नेमकी त्याच जागी येते जिथे बोटं धरलेली असतात. शिवाय पट्टी छापायची म्हणजे आणखी एक टप्पा, किंवा दोन रंगांचा मोल्ड. पैसा वाढत गेला आणि अर्धवटपणा राहिलाच.

स्प्रिंग घातली तर? तर तो आजार जातो, हे अगदी मान्य. आधीच औषध भरून येणाऱ्या एनॉक्सापॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सिरिंजवर असंच कव्हर असतं. इंजेक्शन दिल्यावर दट्ट्या जोराने दाबला की नळी स्प्रिंगने आपली आपण पुढे येते. अर्धवट राहण्याचा प्रश्नच नाही. पण ती औषधासकट विकली जाणारी वस्तू आहे, तिच्यात स्प्रिंगचे पैसे दडून जातात. साध्या सुट्या सुईत ते दडत नाहीत. आपल्याकडची सुटी सुई इतकी स्वस्त जाते की कव्हरच तिच्यापेक्षा महाग पडतं. त्यात स्प्रिंग आणि तिची असेंब्ली म्हणजे खरेदी विभागाच्या टेबलावरच विषय संपतो.

आता फ्लॅप, ज्याच्याकडे मी झुकलो.

त्याच्या बाजूचं मुख्य कारण एका वाक्यात: लागला नाही तर तो उघडा दिसतो. हे आपोआप होत नाही, ते डिझाइनमध्ये घालावं लागतं, आणि ते कसं हे सांगण्यासारखं आहे. फ्लॅप आणि कॉलर एकाच शॉटमध्ये पॉलिप्रॉपिलीनमध्ये येतात आणि मधे पातळ बिजागरी. तो उघड्या स्थितीतच मोल्ड करायचा, म्हणजे प्लास्टिकची ओढ कायम उघडण्याकडे राहते. बिजागरी आपण एरवी जितकी पातळ करू, त्यापेक्षा जराशी जाड ठेवायची, म्हणजे तिच्यात थोडा ताण उरतो. पन्हळीच्या आत एक लवचिक बोट असतं. सुई त्याच्यापलीकडे गेली की ते मागे पडतं आणि सुई अडकते. कॉलरपाशी दुसरं लॉक. सुई त्या बोटापलीकडे गेली नसेल, तर बोटही फ्लॅपला बाहेर ढकलतं आणि बिजागरीही. अंगठा काढला की फ्लॅप दोन बोटं उघडा उभा. अर्धवट अवस्थेत राहायला त्याला जागाच नाही. ट्रेमध्ये तो लगेच ओळखू आला तो यामुळे.

कॉलरचं लॉक ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे सुईची जाडी. २३ गेजची सुई ०.६ मिलिमीटर जाड, २६ ची सुमारे ०.४५. जाड सुईला बेताने अडवणारं बोट बारीक सुईला ढिलं पडतं, आणि बारीक सुई जोराने वाकतेही. सुईवर अवलंबून नसलेलं दुसरं लॉक असलं की सगळ्या गेजला एकच मोल्ड चालवता येतो.

दुसरी बाजू म्हणजे एक हात. इंजेक्शन देऊन सुई बाहेर काढली की सिस्टरचा एक हात बोळ्यावर असतो. बॅरलवरच्या नळीला बहुतेकांना दुसरा हात लागलाच. एकाने नळी धरायची, दुसऱ्याने सिरिंज मागे ओढायची. फ्लॅप त्याच हाताच्या अंगठ्याने किंवा तर्जनीने पडतो. कुणी अंगठ्याऐवजी ट्रेच्या काठावर दाबतात, तेही चालतं. स्मिथ्स मेडिकलच्या नीडल-प्रोत तर कठीण पृष्ठभागावर दाबणं हीच रीत आहे.

मात्र फ्लॅपला तीन खोडी आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय तराजू सरळ धरला असं म्हणता येणार नाही.

पहिली खोड बाजूची. सुईच्या बेव्हलशी (टोकाच्या तिरप्या कापाशी) फ्लॅपची दिशा जुळवून ठेवलेली असते, म्हणजे बेव्हल वर धरला की फ्लॅपही ठरलेल्या बाजूला. साध्या स्लिप सिरिंजवर, जिथे सुई नुसती दाबून बसते, हे सोपं आहे, हवी तशी फिरवून बसवता येते. ल्युअर लॉकवर मात्र सुई पेच घेत घेत जिथे घट्ट होईल तिथे थांबते. मग कधी फ्लॅप नेमका आकड्यांवर, कधी खाली, कधी तळहाताकडे. "हे मधेच येतंय" ही तक्रार आम्ही सर्वाधिक ऐकली ती यामुळे. उपाय म्हणून कॉलर हबवर फिरती ठेवली, की फ्लॅप बाजूला करून काम करता यावं. ते जमलं, पण फिरती कॉलर फार सैल झाली तर अंगठा दाबताना फ्लॅप बाजूला निसटतो. इतकी घट्ट की आपण फिरवली तरच फिरेल, हे साधायला बराच घोळ घालावा लागला. तुमचे ग्राहक मुख्यतः स्लिप सिरिंज वापरणारे असतील, तर हा त्रास जवळजवळ नाहीच.

दुसरी खोड कोनाची. स्नायूत देताना सुई उभी असते, तेव्हा फ्लॅपचं काही वाटत नाही. शिरेत देताना किंवा रक्त घेताना सिरिंज कातडीला टेकवून धरतात आणि तेव्हा फ्लॅप खालच्या बाजूला असेल तर अडतो. वर असेल तर नजरेच्या आड. म्हणून तो इतका मागे झुकवून मोल्ड करावा की जवळजवळ बॅरलला टेकेल. पण जितका मागे, तितका अंगठ्याला जास्त प्रवास. इथे दोन्ही हवं असं होत नाही. आम्ही मधला कोन घेतला आणि शिरेत देणाऱ्यांची थोडी नाराजी पत्करली.

तिसरी खोड दिसत नाही, म्हणून जास्त घातक. बिजागरी पॉलिप्रॉपिलीनची, आणि साधं पॉलिप्रॉपिलीन गॅमा किरणांनी ठिसूळ होतं. निर्जंतुक करून आलेल्या दिवशी सँपल झकास वाकतं. गोदामात काही महिने राहिलं की बिजागरीवर पांढरी रेघ येते आणि मग तुकडा. ईटीओने (इथिलीन ऑक्साइड वायूने) निर्जंतुक करणार असाल तर निवांत. गॅमा करायचंच असेल तर किरणांना टिकणारी ग्रेड घ्या, आणि चाचणी ताज्या मालावर नव्हे, ठेवून जुन्या केलेल्या मालावर करा. गेट, म्हणजे मोल्डमध्ये प्लास्टिक शिरतं ते तोंड, अशा जागी ठेवा की वितळलेलं प्लास्टिक बिजागरी ओलांडूनच पुढे जाईल. दोन्हीकडून गेट देऊन मधे, बिजागरीवरच सांधा आणलात, तर तिथेच तुटणार. नळीला यातलं काही नाही, हा तिचा मोठा फायदा मी मान्य करतो. मोल्डच्या दृष्टीने ती सरळ आहे, फक्त नळीची पोकळी घडवणारा मोल्डमधला लांब बारीक कोअर एका बाजूला झुकला तर भिंत जाड-पातळ येते, तेवढं जपावं लागतं.

अंगठा कुठे टेकवायचा, यावरही थोडं बोललं पाहिजे. बिजागरीपासून लांब दाबलं तर जोर कमी लागतो, पण बोट सुईच्या टोकाच्या जवळ जातं. जवळ दाबलं तर बोट सुरक्षित, पण जोर जास्त. बऱ्याच डिझाइनमध्ये दाबायची खरखरीत जागा मध्यावर असते. मी ती मुद्दाम मागे, बिजागरीकडे घेतली. नाजूक हाताच्या सिस्टरला जरा जड वाटतं. पण टोकाकडे बोट नेण्याची सवय एकदा लागली की कव्हराचा उपयोग काय?

आता आपल्याकडची एक अडचण, जी परदेशी नमुने बघून डिझाइन करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आपल्या वॉर्डात हब कटर असतो, सुई वापरली की त्याच्या भोकात घालून कापायची. कव्हर लावलेली सुई त्या भोकात जातच नाही. फ्लॅपचीही नाही आणि नळीचीही नाही. मग वर्षानुवर्षांची सवय असलेला माणूस काय करतो? लागलेलं कव्हर जोर लावून उघडायला बघतो. म्हणून लॉक पुन्हा न उघडण्याइतकं पक्कं असलं पाहिजे. किती जोर लावल्यावर उघडतं, हे अशा सेफ्टी साधनांसाठीच्या आयएसओ २३९०८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणेही तपासावं लागतंच. आणि सोबत स्पष्ट सांगावं लागतं की कव्हरसकट सुई काढून पांढऱ्या डब्यात टाका, सिरिंज लाल पिशवीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सुयांना पांढरा आणि सुई नसलेल्या सिरिंजला लालच आहे, त्यामुळे हे नियमात बसतं. फ्लॅपच्या कॉलरला धरायला बारीक खाचा ठेवल्या की सुई काढणं सोपं जातं. नळीत मात्र ती बॅरलवर अडकून राहिली तर सुई वेगळी निघतच नाही आणि सगळी सिरिंज पांढऱ्या डब्यात जाते. डबे लवकर भरतात. छोट्या दवाखान्याला हे लगेच जाणवतं.

निर्यातीचा विचार असेल तर बाजार तयार आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये नीडलस्टिक सेफ्टी अँड प्रिव्हेन्शन ॲक्ट आला. युरोपात २०१० चा निर्देश सदस्य देशांना २०१३ पर्यंत लागू करायचा होता. आपल्याकडे एचआयव्ही कायदा २०१७ चा, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात कर्मचाऱ्यांना सुरक्षित वातावरण आणि टोचल्यास प्रतिबंधक औषधं देण्याची जबाबदारी संस्थेवर आहे, पण सेफ्टी सुईच घ्या असं तो म्हणत नाही. त्यामुळे इथे विकताना किंमत हाच पहिला प्रश्न येतो, आणि एकाच मोल्डमध्ये सगळ्या सिरिंजना चालणारा फ्लॅप तिथेही जरा पुढे राहतो.

नळी कुणी घ्यावी? सिरिंजही तुम्हीच बनवता, एकाच मापात, आणि ती औषध भरून विकायची आहे, तर नळी घ्या, पण स्प्रिंगसकट. किंवा ग्राहक प्रयोगशाळा आहे, रक्त घेणारा माणूस बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून काम करतो, तर हाताने सरकवायची नळीही चालून जाईल. धावपळीच्या वॉर्डात आणि ओपीडीत मात्र मी तिच्यावर माझ्या नावाचा शिक्का मारणार नाही.

एक राहिलं. हे सगळं मी पंचवीस मिलिमीटरच्या सुईवर तपासलेलं आहे. ३८ मिलिमीटरच्या सुईला फ्लॅप तेवढाच लांब लागतो. लांब फ्लॅप लागताना पिळवटतो आणि टोकाकडचं बोट सुईला कधीकधी चुकतं. आडव्या बरगड्या दिल्या तर पिळवटणं कमी होतं, पण फ्लॅप जाड होतो आणि पाकिटात मावत नाही. तुमचा माल त्या लांबीचा असेल, तर मोल्डची ऑर्डर देण्याआधी थ्रीडी प्रिंटवर अवलंबून राहू नका. प्रिंटची बिजागरी पॉलिप्रॉपिलीनसारखी वागत नाही. एक कॅव्हिटीचा (एका वेळी एकच नग काढणारा) ॲल्युमिनियमचा मोल्ड करून खऱ्या प्लास्टिकच्या दाण्यात थोडे नग काढा आणि तेच वॉर्डात द्या.